पेजेचं झाकण आणि घुमटाचा नाद : सात वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण

चतुर्थीची दुसरी रात्र. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मोठ्या घरात वीस-पंचवीस माणसं जमलेली, फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली गणपती, दोन घुमटं, एक शामेळ अशी तालवाद्यं आणि झांजा. तिसरी आरती रंगात आली तेव्हा आजीच्या लक्षात आलं की बाबू कुठे दिसत नाही. घर, अंगण, गोठा, सगळं पाहून झालं. विहिरीत बॅटरी मारताना त्याच्या आईचे हात इतके थरथरत होते की काकाने बॅटरी तिच्याकडून काढून घेतली. अर्ध्या तासाने बाबू कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, सापडला. पावसाचं पाणी भरून वाहणाऱ्या पाटात तो कमरेपर्यंत बसला होता. दोन्ही हात कानांवर, पाठ एका पोफळीच्या खोडाला गच्च टेकवलेली. रडत नव्हता. उलट, गेल्या दोन दिवसांत तो इतका शांत कोणी पाहिला नव्हता.

घरच्यांना त्यात फक्त धोका दिसला, आणि धोका खराच होता. भीतीपोटी एक चापटही बसली. तीन आठवड्यांनी आईने हा प्रसंग मला सांगितला, तेव्हा मी तिला थांबवून दोनदा विचारलं : पाणी कुठपर्यंत होतं? पाठ कशाला टेकली होती? कारण त्या पोराने अंधारात, कोणी न शिकवता, स्वतःवर एक उपाय शोधला होता. अंगाला चहूबाजूंनी पाण्याचा दाब, पाठीला खोडाचा आधार, आणि आवाजापासून दूर. उपाय बरोबर होता, जागा जीवघेणी होती. पुढचे दहा-अकरा महिने आम्ही त्याच उपायाला सुरक्षित जागा शोधत होतो, असं आज मागे वळून पाहताना वाटतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजच्या कामांत अडणाऱ्या मुलांसोबत काम करते. हे प्रकरण पालकांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाबू हे त्याचं कागदावरचं नाव नाही. आमच्याकडे निम्म्या घरांतल्या धाकट्याला बाबूच म्हणतात, म्हणून तेच ठेवलं.

आधी कान

पहिल्या भेटीला बाबू सात वर्षांचा नुकताच झाला होता, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत दुसरीत. वडील कारखान्यात पाळीवर, आई घरी, सोबत आजी. आईचं माहेर महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडचं, त्यामुळे घरात मराठी, दारात कोंकणी.

तक्रारींची यादी लांब होती. मिक्सर लागला की किंचाळत बाहेर पळतो. शाळेची घंटा वाजायच्या आधीच कान झाकतो, आणि कधी वाजेल या धास्तीने शेवटच्या तासाला काहीच लिहीत नाही. गणवेशाच्या कॉलरला हात घालून मान लाल करतो. कोणी हळूच गोंजारलं तर अंग झटकतो. दुसऱ्या बाजूला, सोफ्यावरून दिवसाला पन्नास उड्या, दारावर खांदा आपटणं, आजीच्या अंगावर धाड्कन पडणं. शू लागल्याचं अगदी शेवटच्या क्षणी कळतं. आणि एकदा बिनसलं की पाऊण तास, कधी त्याहून जास्त.

शेजारपाजारच्यांची मतं ठरलेली होती. लाडावलाय. मोबाइलमुळे झालंय. नजर लागली. वडिलांचं मत वेगळं होतं, आणि ते त्यांनी खाली मान घालून सांगितलं : "मॅडम, मी रात्रपाळी करून सकाळी झोपतो. त्याला सगळे दिवसभर गप्प बस, गप्प बस करतात. माझ्यामुळे तर नाही ना झालं?" तसं नव्हतं, आणि ते त्यांना स्पष्ट सांगणं हे माझं पहिलं काम होतं.

कुठल्याही थेरपीच्या आधी आम्ही बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात कानांची तपासणी आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला. आवाज सहन न होणाऱ्या मुलाचे कान तपासायचे राहून जातात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. ऐकू नीट येत होतं, कानात संसर्ग नव्हता. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निकषांत तो बसत नव्हता. एकाग्रतेची अडचण आहे का, हे वर्षभराने पुन्हा पाहायचं ठरलं.

इथे पालक हमखास विचारतात, मग याला म्हणायचं काय? संवेदनांची मेंदूत होणारी जुळणी आणि तिच्यातली गडबड ही कल्पना अमेरिकेतल्या ए. जीन एअर्स यांनी मांडली. त्या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या आणि 1972 साली त्यांचं या विषयावरचं मुख्य पुस्तक आलं. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ही पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत शिकतो. एअर्स यांनी भर दिला तो शरीराच्या तोलाच्या जाणिवेवर आणि स्नायू-सांध्यांतून येणाऱ्या जाणिवेवर. पुढे 1997 मध्ये विनी डन यांनी एक उपयोगी मांडणी केली : कोणाच्या मेंदूचा उंबरठा खाली असतो, म्हणजे थोड्याने फार होतं. कोणाचा उंबरठा वर असतो, म्हणजे पुष्कळ मिळाल्याशिवाय काही पोहोचतच नाही. आणि एकाच मुलात एका संवेदनेला एक, दुसरीला दुसरा असं असू शकतं. बाबूचं नेमकं तसंच होतं. कान आणि हलक्या स्पर्शाला उंबरठा खाली, स्नायू-सांध्यांना वर. म्हणून आवाजाने किंचाळणारं पोर स्वतः मात्र दारं आपटत होतं. घरच्यांना हा ढोंगीपणा वाटायचा.

हा स्वतंत्र आजार म्हणून मात्र सर्वमान्य नाही. 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत संवेदनांना कमी-जास्त प्रतिसाद हे स्वमग्नतेच्या लक्षणांत धरलं गेलं, पण त्याला वेगळ्या निदानाची जागा मिळाली नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2012 मध्ये हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नका असंच सांगितलं. मी पालकांना हे लपवत नाही. बाबूच्या फाइलवर मी नाव लिहिलं नाही, अडचणी लिहिल्या.

पोदेर आला

घरभेटीला मी मुद्दाम सकाळी साडेसहाला गेले. तासाभरात मला जे दिसलं ते क्लिनिकमधल्या चार भेटींत दिसलं नसतं.

आजी खवणीवर नारळ खोवत होती. बाबू उंबऱ्यावर बसून पायाची बोटं जमिनीत रुतवत होता. लांबून पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू ऐकू आला. मी आपोआप त्याच्या हातांकडे पाहिलं, आता कान झाकणार. त्याने झाकले नाहीत. उठून धावत फाटकाशी गेला. पोदेर थांबला, ओळखीचं हसला, आणि सायकल जरा कलती केली. बाबूने दोन्ही हातांनी रबराचा फुगा दाबला. पोंऽऽय. मिक्सरइतकाच कर्कश आवाज, कानापासून हातभर अंतरावर. बाबूने आणखी दोनदा दाबला, पाव घेतले आणि परत आला.

"हे रोजचं," आजी म्हणाली. "त्या आवाजाला काही होत नाही बघ, बाय. म्हणून तर म्हणतात, नाटक करतो."

नाटक नव्हतं. भोंपू रोज त्याच वेळी येतो, आधी लांबून सूचना देतो, आणि शेवटी बाबूच्या हातात येतो. मिक्सर कधीही सुरू होतो आणि कधी थांबेल ते माहीत नसतं. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कधी येणार आणि कोणाच्या हातात आहे याने त्याचं ठरत होतं. माझ्या सगळ्या प्रश्नावल्यांपेक्षा त्या पोदेराने मला जास्त सांगितलं, आणि पुढची दिशा तिथेच मिळाली.

शाळेत दोन तास मागच्या बाकावर बसले. मंगळुरी कौलांची शाळा, एका खोलीत पहिली-दुसरी एकत्र. घंटा म्हणजे टांगलेला लोखंडी तुकडा, बाबूच्या खिडकीपासून चार पावलांवर. बाईंना चाळीसेक पोरांचा गोंगाट सांभाळायचा होता आणि तरीही त्यांनी बाबूविषयी एक वाक्य सांगितलं जे मी जपून ठेवलं आहे : "फळा पुसायला दिला की त्याचं पुढचं अर्धा तास चांगलं जातं." उभा-आडवा जोर लावून फळा पुसणं म्हणजे खांद्यांचं कष्टाचं काम. त्यांनी उपाय शोधलेला होता, फक्त त्याला उपाय म्हणतात हे माहीत नव्हतं.

आवर आणि सावर

त्या सकाळी मी घरात एक शब्द मोजला. "आवर". आवर स्वतःला, आवर आता, आवर म्हणते ना. आपल्या भाषेत याच्या शेजारीच दुसरा शब्द आहे, सावर. आवरणं म्हणजे आत कोंबून ठेवणं. सावरणं म्हणजे तोल जाताना स्वतःला धरणं. तोल गेलेल्याला दुसराही सावरू शकतो, आणि लहान मूल आधी दुसऱ्याच्या हाताने सावरलं जातं, मग स्वतःच्या. स्वनियमन म्हणून जे शिकवायचं असतं त्याचा हा क्रम मला पुस्तकी व्याख्येपेक्षा या दोन शब्दांत जास्त स्वच्छ सांगता येतो. पोहायला शिकवताना आपण आधी पोटाखाली हात धरतो. बाबूच्या पोटाखाली हात न धरताच सगळे काठावरून ओरडत होते, आवर.

म्हणून पहिला महिना बाबूला काहीच शिकवलं नाही. मोठ्यांना शिकवलं. बिनसलं की बोलणं कमी, एका वेळी एकच माणूस, तेही त्याच्याहून खाली बसून. "काय झालं, का झालं" नाही. हलकं गोंजारणं बंद. तो स्वतः जवळ आला तरच दोन्ही हातांनी घट्ट, हलवत न राहता धरायचं. आजीला हे पटकन जमलं. पाठीवर हळुवार हात फिरवायची तिची साठ वर्षांची सवय तिने आठ दिवसांत मोडली, आणि बाबू तिच्या मांडीत येऊन बसायला लागला. आई मला म्हणाली, माझ्याकडे येत नाही. तिच्या आवाजात दुःख होतं. तिचे स्वतःचे खांदे कानापर्यंत चढलेले असायचे, श्वास अडकलेला. त्या चतुर्थीच्या रात्रीनंतर ती नीट झोपलीच नव्हती. तिच्यासाठी आम्ही वेगळ्या दोन भेटी ठेवल्या. मुलाला सावरणारं माणूस स्वतः लटपटत असेल तर मुलाला ते त्वचेतून कळतं.

याच महिन्यात दिवाळीच्या तोंडावरची नरकासुराची रात्र आली. रात्रभर मोठ्या आवाजातली गाणी, पहाटे नरकासुराच्या पुतळ्याचं दहन, फटाके. नातेवाईक म्हणाले, सवय करा त्याला, किती दिवस पळणार. मी सांगितलं, या वर्षी पळा. तयारी नसताना आवाजात ढकलणं म्हणजे सवय लावणं नव्हे. तीन दिवस माय-लेक दोडामार्गाला माहेरी राहून आले. मला अजूनही हा निर्णय बरोबर वाटतो.

सोबत रोजच्या दिवसात कष्टाची कामं पेरली. शाळेआधी वीस मिनिटं : विहिरीवरून लहान कळशीने तुळशीला आणि अबोलीला पाणी, कुळागरातून पोत्यात चार-पाच नारळ ओढत आणणं, आजीसोबत रगड्याचा दगड फिरवणं. वजन सहज पेलेल इतकंच. ही बक्षिसं नव्हती आणि शिक्षाही नव्हती. दात घासतो तसंच हे. शाळेत फळा पुसणं कायमचं त्याच्याकडे आलं, शिवाय बाकं सरकवणं. गणवेशाचं लेबल उसवून टाकलं, नवा शर्ट आठ-दहा वेळा धुऊन मगच अंगात. झोप अकराची साडेनऊवर आणली. खाण्याच्या आवडीनिवडींकडे आम्ही मुद्दाम वळलो नाही. एका वेळी सगळ्या आघाड्या उघडल्या की घर थकतं.

आईने मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ दाखवला, अंगावरून ब्रश फिरवण्याचा, आणि वजनदार जाकिटाची जाहिरात. दोन्हींना आधार फार तोकडा आहे, म्हणून मी नाही म्हटलं. आणि इथे माझ्या स्वतःच्या विद्येविषयीही खरं सांगायला हवं. झोपाळे, उतरणी, दोऱ्या असलेल्या खोलीतल्या संवेदी एकात्मता थेरपीवर 2014 मध्ये 32 स्वमग्न मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पालकांसोबत ठरवलेल्या उद्दिष्टांत चांगली प्रगती दिसली. 2022 मध्ये ब्रिटनमधला 138 मुलांचा मोठा अभ्यास आला, त्यात चिडचिडीवर नेहमीच्या सेवेपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. हे दोन्ही डोळ्यांसमोर ठेवूनच मी बाबूला आठवड्याला तीनदा क्लिनिकला आणायला लावलं नाही. पंधरवड्यातून एक भेट, बाकी सगळं घरात आणि शाळेत, आणि प्रगती मोजायची ती घरच्यांना हव्या असलेल्या तीन गोष्टींवर : बिनसल्यावर सावरायला लागणारा वेळ, पळण्याआधी सांगणं, आणि पुढची चतुर्थी.

आई कॅलेंडरच्या चौकोनात नोंद करायची. लहान टिंब, मोठं टिंब, आणि शेजारी मिनिटं.

झाकण वाजतंय

आपल्या आत काय चाललंय ते मुलाला कळायला हवं. पण बाबूला शू लागल्याचं कळत नव्हतं, तिथे राग चढतोय हे कुठून कळणार? रंगांचे तक्ते, हसरे-रडके चेहरे, सगळं मी आणलं होतं. त्याने तक्ता उलटा ठेवला.

डिसेंबरात एका सकाळी चुलीवर पेज शिजत होती. घरात गॅस आहे, पण आजीची पेज चुलीवरच. बाबू आणि मी पाटावर बसून पाहत होतो. आधी काहीच नाही. मग झाकणाच्या कडेने वाफेची एक रेघ. मग झाकण बारीक थरथरलं, टिक्, टिक्टिक्. आजीने फडक्याने झाकण कलतं केलं आणि थरथर थांबली.

मी विचारलं, "झाकण उचललं नसतं तर?"

"उतू."

"आजीला कसं कळलं?"

"वाजलं ना."

थोडा वेळ गेला. मग त्याने पायाची बोटं जमिनीत रुतवून माझ्याकडे न बघता सांगितलं, "माझं पण वाजतं. कानात गरम होतं."

त्यानंतर आम्ही बाबूच्या झाकणाच्या खुणा गोळा केल्या. कान गरम. पायाची बोटं आत वळणं. हात कॉलरवर. ही यादी पूर्ण व्हायला दीड महिना लागला. खुणा आधी आजी सांगायची ("बाबू, बोटं वळली बघ"), मग दोघं मिळून, मग कधीतरी तो एकटा. झाकण वाजलं की काय करायचं तेही त्यानेच निवडलं : भिंत ढकलणं, पोत्यावर पोट टेकून आडवं होणं, थंड पाण्याने मनगटं धुणं. दीर्घ श्वास त्याला आवडला नाही. मी आग्रह धरला नाही.

"झाकण वाजतंय" हा घरातला शब्द झाला. वडील एकदा पाळीवरून आले आणि दारातच म्हणाले, "आज माझं झाकण वाजतंय, दहा मिनिटं द्या." बाबूने आजीला बाहेर नेलं. मला आईने हे फोन करून सांगितलं. त्या दिवशी मला जाणवलं की शब्द घरात रुजला, कारण आता तो फक्त बाबूच्या दोषाचा शब्द राहिला नव्हता.

मिक्सरचं काम याच काळात चाललं, पोदेराच्या भोंपूच्या धर्तीवर. पहिले आठ दिवस बाबू अंगणात, आई खिडकीतून तीन बोटं दाखवणार, तीन-दोन-एक, दोन सेकंद मिक्सर, बंद. मग पडवीत. मग स्वयंपाकघराच्या दारात. मग बटण त्याच्या हातात. बटण हातात आल्यावर वाटलं होतं झटपट होईल, पण तिथेच सर्वांत जास्त अडलं. तीन आठवडे तो बोट ठेवायचा आणि काढायचा. आजीने त्या तीन आठवड्यांचं सगळं वाटण रगड्यावर केलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी त्याने बटण दाबलं, मोजलं, बंद केलं आणि म्हणाला, "खोबरं अजून भरड आहे," आणि पुन्हा दाबलं.

दोन चुका

पहिली माझी. नोव्हेंबरात मी शाळेसाठी आवाज अडवणारे इअरमफ दिले होते. घंटेच्या वेळी घाल, असं सांगितलं, पण लिहून दिलं नाही. बाईंनी चांगल्या मनाने दिवसभर घालू दिले. तीनेक आठवड्यांत आई म्हणाली, आता त्याला पंख्याचाही आवाज लागतो. कान सतत झाकून ठेवले की शांततेची सवय होते आणि साधे आवाजही टोचू लागतात. हे मला माहीत होतं, आणि तरी मी नियम स्पष्ट केला नव्हता. इअरमफ आम्ही घंटा, फटाके आणि लाउडस्पीकर एवढ्यापुरते आणले. नोव्हेंबरात जे चढलं होतं ते उतरायला जानेवारी उजाडली. घंटेचा खरा उपाय त्याहून सोपा निघाला : मधल्या सुट्टीची घंटा बाबूनेच वाजवायची. त्याची जागाही खिडकीपासून हलवली.

दुसरी चूक शाळेत झाली. कपाटामागे चटई टाकून एक कोपरा केला होता, झाकण वाजलं की जाण्यासाठी. बाबू आपणहून जायला लागला होता. एके दिवशी त्याने एका मुलाला ढकललं, आणि बाई रजेवर असल्याने वर्ग पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाने त्याला "जा, बस तिथे" म्हणून त्याच कोपऱ्यात पाठवलं. एकदाच. पण पुढचे पंधरा दिवस बाबू तिथे फिरकला नाही, आणि त्या पंधरा दिवसांत दोनदा फाटकाबाहेर पळाला. ज्या जागेत आपण शिक्षा म्हणून बसलो ती जागा मुलाला सावरू शकत नाही. चटई पुन्हा त्याच ठिकाणी घालून भागलं नसतं. बाईंनी कोपरा खिडकीजवळ हलवला, आणि पहिले काही दिवस त्या स्वतः वर्गाला सांगून तिथे जाऊन बसायच्या : "पोरांनो, मला दोन मिनिटं हवीत." मग इतर मुलं जायला लागली. बाबू सगळ्यांत शेवटी गेला. अशा बाई मिळाल्या म्हणून हे प्रकरण इथपर्यंत आलं, याची मला पूर्ण जाणीव आहे.

शिगम्याला, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणाला, रोमटामेळाची मिरवणूक गावातून गेली तेव्हा बाबू एका ओळखीच्या घराच्या गच्चीवरून पाहत होता. ढोल-ताशे वळणावर आले, त्याने इअरमफ घातले, थोडा वेळ पाहिलं, मग आईचा हात ओढून म्हणाला, "झाकण." दोघं मागच्या दाराने निघून आले. घरातल्या काहींना ते अपयश वाटलं. आईने कॅलेंडरवर त्या दिवशी टिंबच काढलं नाही, नुसती फुली मारली, आणि मला दाखवताना तिचे डोळे भरले होते. पळण्याआधी त्याने पहिल्यांदाच गर्दीत सांगितलं होतं.

जूनमध्ये बरंचसं मागे गेलं. नवी इयत्ता, कौलांवर पावसाचा मारा, ओले मोजे, प्लॅस्टिकचा रेनकोट अंगाला चिकटणारा. सावरायला वीस मिनिटांवर आलेला वेळ पुन्हा चाळीसवर. मी पालकांना हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरगुंडी उडाली नाही. मोज्यांऐवजी सँडल, रेनकोटऐवजी मोठी छत्री, आणि पावसामुळे बंद पडलेली सकाळची कामं पडवीत : नारळाची पोती या टोकाहून त्या टोकाला. जुलैच्या शेवटी गाडी रुळावर आली.

घुमट मांडीवर

चतुर्थीच्या महिनाभर आधी काकाने जुनं घुमट बाबूला दिलं. मातीचं मडकं, एका तोंडाला बकऱ्याचं कातडं, दुसरं तोंड लहान आणि उघडं. काका ते मांडीवर आडवं घेऊन बसायला शिकवत होते. पहिल्या दिवशी बाबूने वाजवलं नाही. काका वाजवत असताना त्याने मडक्याच्या पोटावर तळवा ठेवला आणि तसाच बसून राहिला, मग गाल टेकवला. नाद कानाआधी हाडांत शिरत होता. दोन आठवड्यांनी तो स्वतः, वेडावाकडा, धूम् धूम् करायला लागला.

आराखडा कागदावर काढला, चित्रांसह, आणि तो बाबूने स्वतः माटोळीच्या खुंट्याला अडकवला. आरत्या किती. कोणत्या आरतीला तो कुठे असेल. बाहेर जायचं तर कोणाला हात दाखवायचा. आणि पळावंसं वाटलंच तर कुठे : मागची पडवी, जिथे आजीने नारळाची दोन भरलेली पोती भिंतीला लावून ठेवली होती आणि थंड पाण्याची बादली. पाट आणि पोफळ यांच्याऐवजी. विहिरीला काकांनी लोखंडी जाळी बसवून घेतली होती, आणि कुळागराच्या वाटेवरचं फाटक बंद.

मी तिथे नव्हते. आईने आणि काकाने सांगितलं तसं लिहिते. पहिल्या आरतीला तो आजीसोबत अंगणात. दुसरीला दारात, इअरमफ घालून. तिसरीला काकाच्या मांडीला मांडी लावून बसला, घुमट घेऊन, आणि इअरमफ गळ्यात. ताल चुकत होता. कोणी टोकलं नाही. मग ठरल्याबाहेर, आरती संपायच्या आधीच, शेजारच्या पोरांनी अंगणात फटाक्यांची माळ लावली.

घुमट त्याने खाली ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं, हे काकाने मला दोनदा सांगितलं. मग धावला. आई मागे जायला उठली तर आजीने तिचा हात धरला. मागच्या पडवीत बाबू दोन पोत्यांच्या फटीत शिरून पाठीने त्यांना रेटत होता, मनगटं बादलीत. आजी दाराशी नुसती बसली. काही वेळाने त्याने विचारलं, "माळ संपली?" आजी म्हणाली, संपली. "अजून आहे?" आजी म्हणाली, "ठाऊक नाही रे. विचारून येऊ?" तो म्हणाला, मी विचारतो. आईच्या घड्याळाप्रमाणे पळण्यापासून परत येईपर्यंत चौदा मिनिटं गेली होती.

अंगणात जाऊन त्याने त्या मोठ्या पोरांना विचारलं, अजून माळ आहे का, आणि लावणार असाल तर आधी मला सांगा. त्यांच्याकडे आणखी दोन होत्या. एक त्यांनी त्याच्याकडून तीन-दोन-एक म्हणवून लावली. तो पडवीच्या खांबाला मिठी मारून उभा राहिला, कान झाकून, डोळे उघडे. दुसरी लावू नका म्हणाला. त्यांनी लावली नाही.

शू आजही शेवटच्या क्षणीच कळते. कदंबच्या सरकारी बसचा हॉर्न अजून सहन होत नाही. बालरोगतज्ज्ञांची पुढची भेट दिवाळीनंतर आहे. नरकासुराच्या रात्री या वर्षी काय करायचं हे बाबूला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, दोडामार्ग. मी फाइलमध्ये तसंच लिहिलं आहे.